घालणाऱ्याची डावी बाजू

शनिवार, ७ तारीख
दुकानातून

ताई,

वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतंच ताई लिहिलं. शाळेत गुरुजींनी वडील बहिणीचा मायना घोकून घेतला होता, तो अजून पाठ आहे. बावीस वर्षांनी तो लिहायला हात धजत नाही.

काम आहे म्हणून लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझी लेक बाळंतपणाला आली आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. घरात तिला बॉबिन म्हणतात, लहानपणी एका जागी ठरायची नाही, सारखी गरगर फिरायची म्हणून. मागच्या रविवारी तिला मुलगा झाला. तीन किलो नऊशे. बाहेर येताना खांदा अडकला, डॉक्टरीणबाईंना बरीच खटपट करावी लागली, पण निभावलं. तिसऱ्या दिवशी घरी आणलं. जावई परवा कामावर परत गेले. आता घरात ही, लेक, बाळ आणि मी.

अडचण अशी की मूल एकाच बाजूला पितं. हे बापाने लिहायचं नसतं, ते कळतं. पण तू तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलीस, तुझ्यापुढे लाज कसली, असं मनाला सांगून लिहितो. डावीकडे घेतलं की लगेच ओढायला लागतं. उजवीकडे घेतलं की तोंड लावतं न लावतं तोच किंचाळतं, पाठ ताठ करतं, मान फिरवतं. उजवं म्हणजे लेकीचं उजवं. आमच्या धंद्यात उजवं-डावं नेहमी कपडा घालणाऱ्याचं धरतात, बघणाऱ्याचं नाही. मी लिहीन ते तसंच समज.

मी काही पाहिलेलं नाही. बाळंतिणीच्या खोलीला पडदा आहे, पडद्याबाहेर माझी खुर्ची. आवाजावरून कळतं. एका बाजूला मूल गप्प असतं, दुसऱ्या बाजूला सगळी चाळ गोळा करतं.

ही म्हणते, "बापावर गेलाय. त्यांनाही सासऱ्याच्या घरी एकच खुर्ची लागते."

लेकीला हसू येत नाही. तिला वाटतं, तिच्यातच काही खोट आहे. जवळच्या दवाखान्यात नेलं, तर तिथले डॉक्टर म्हणाले, "काही मुलं असतात अशी. घेईल हळूहळू." ते ऐकलं आणि दुकानात येऊन कागद काढला. का, ते तुला सांगायला नको. आमचा पहिलाही एकाच बाजूचा होता. एवढंच लिहितो.

काय करावं ते कळव. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर दे, घरच्या नको. हे पत्र औषधांच्या गाडीचा ड्रायव्हर आणून देईल. तो सकाळी तुमच्या शहरात माल भरायला जातो आणि संध्याकाळी परततो. त्याच्या पँटी मी आखूड करतो, म्हणून मला नाही म्हणत नाही.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू गप्प राहिलीस तर मला पुढे बोलता येणार नाही. कागदाचं तसं नसतं.

तुझा धाकटा


मंगळवार, १० तारीख
दुकानातून

ताई,

पत्र मिळालं. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, बाईंनी दारातच उभ्याउभ्या वाचलं. मला पाणी दिलं, थांब म्हणाल्या, आणि तिथंच उत्तर लिहून दिलं. या वयात कुणाशी सूत जमवलंत?"

मी म्हटलं, "सख्खी बहीण आहे."

"मग घरच्या पत्त्यावर का नको?"

मी त्याच्याच पँटीची शिवण उसवत होतो. उसवत राहिलो.

तुझ्या पत्रात इकडचा-तिकडचा एक शब्द नाही. कसा आहेस नाही, ही कशी आहे नाही. वॉर्डातल्या बाईला सांगावं तसं सांगितलं आहेस. मला बरं वाटलं.

सांगितलंस ते केलं. मूल ज्या बाजूला पीत नाही, ती बाजू लेक दर वेळी हाताने मोकळी करते, आणि ते दूध ही वाटीचमच्याने पाजते. दुसरं तू लिहिलंस ते खांद्याचं. आईच्या उजवीकडे घेतलं की मूल स्वतःच्या डाव्या कुशीवर येतं. मूल मोठं, येताना खांदा अडकलेला, तेव्हा त्याच्या डाव्या खांद्याचं पुढचं हाड चाचपून बघा, दुखतं का, गाठ लागते का. शेजारी तू बाळाचं चित्र काढून फुली केली आहेस. चित्रातल्या बाळाला दोन केस काढलेस. आमच्याला भरपूर आहेत.

हिला मी सांगितलं, "एका गिऱ्हाइकाची बायको नर्स आहे. ती म्हणते, बाळाचा डावा खांदा चाचपून बघा."

"आता शिंप्याने सांगायचं आणि आजीने ऐकायचं," ही म्हणाली. पण चाचपला. मी बाहेर खुर्चीवर होतो. मूल रडलं नाही, कुरकुरलं नाही. ही आतून म्हणाली, "तुमच्या नर्सबाईंना सांगा, हाडं नीट शिवलेली आहेत. कुठे टाका सुटलेला नाही."

तेव्हा खांद्याचं काही नाही. दुसरं काय असू शकेल ते कळव.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ वेगळ्या शाईने लिहिली आहेस: "हा कागद तिला दाखवणार आहेस, की वाचून दाखवणार आहेस?" प्रश्न कळला. कागद मापांच्या वहीत ठेवला आहे. तुझं अक्षर ती ओळखेल, आणि मग खांदा राहील बाजूला. जे सांगायचं ते मी नीट सांगितलं आहे. काही गाळलं नाही, पदरचं काही घातलं नाही.

धाकटा


शुक्रवार, १३ तारीख
दुकानातून

ताई,

तुझं दुसरं पत्र मिळालं. खांदा नाही म्हटल्यावर तू दुसरीकडे वळलीस ते बरोबरच. दूध फार जोराने येत असेल, मुलाला ठसका लागत असेल, म्हणून लेकीला मागे रेलून बसवलं. ठसका नाही. कान बघायला सांगितलेस, दवाखान्यात जाऊन दाखवले. कान स्वच्छ. अर्धवट झोपेत असताना नकोशी बाजू द्या म्हणालीस. पेंगतं तोवर घेतं, आणि चार घोटांनंतर जागं होऊन पुन्हा तेच.

कालपासून लेकीची उजवी बाजू दगडासारखी झाली आहे. ताप आहे. हाताने काढताना तिला फार दुखतं, म्हणून ती अर्ध्यावरच थांबते आणि ते आम्हाला सांगत नाही. ही गरम फडकी देते. लेक काल पडद्याआडून म्हणाली, "बाबा, त्याला मी अर्धीच हवी आहे." मी तिला विचारलं, खिडकी लावू का.

आज वजन केलं. तीन किलो साडेचारशे. आठवड्यानंतर वाढायला हवं ते उतरतं आहे. तू लिहिलंस की मूल उपाशी ठेवण्यापेक्षा वरचं दूध चमच्याने दिलेलं बरं, आधी पोट, मग बाकीचं, आणि त्यात आईला कमीपणा नाही. हे मी लेकीला शब्दाला शब्द सांगितलं, गिऱ्हाइकाच्या बायकोचं म्हणून. ती म्हणाली, "त्या बाई चांगल्या दिसतात." ही म्हणाली, "इतक्या चांगल्या आहेत तर घरी का येत नाहीत बघायला?"

मूल आता फार झोपतं. पाजायची वेळ झाली तरी उठत नाही. ही तळव्यांना टिचक्या मारते, कानाची पाळी चोळते. काल टिचक्या मारता मारताच तिने मला विचारलं, "पहिला असाच झोपायचा ना हो?"

बावीस वर्षांत तिने त्याचा विषय काढला नव्हता. मी म्हटलं, "आठवत नाही."

"मला आठवतं," ती म्हणाली. "वन्सं म्हणाल्या थांबा, आणि आपण थांबलो."

मी उठलो. कात्रीला धार लावून आणायची होती.

सकाळी देवापुढे उभा राहतो. लहानपणापासूनची सवय आहे, एक दिवस चुकलेला नाही. सगळ्यांचं चांगलं कर म्हणतो, धंद्याचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो. या एका विषयावर त्याच्याशीही कधी बोललो नाही. त्याला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. ज्या एकीला ठाऊक असायला हवं, तिला सोडून सगळ्यांना.

मूल उठत नाही, याला काय करायचं ते लवकर कळव.

धाकटा


सोमवार, १६ तारीख
दवाखान्यातून, जिथे बाळाचा जन्म झाला तिथूनच

ताई,

बाळ बरं आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील.

काल रविवार, दुकान बंद. मी पुढच्या खोलीत बसलो होतो. हिने धुवायच्या कपड्यांची टोपली आणून ठेवली आणि म्हणाली, "झबल्याचा गळा त्याला टोचतो वाटतं, जरा बघा." झबली मीच शिवलेली. दोन पाण्यांतून काढलेली मऊ मलमल. अशा कापडावर चुणी लगेच पडते आणि धुवेपर्यंत राहते. घातलेली चार झबली होती. गळा बघण्यासाठी एक मांडीवर पसरलं, आणि गळ्याकडे बघायचं राहूनच गेलं.

उजवी बाही कोपरात चुरगळलेली होती. मूल हात झाडतं, तोंडाशी नेतं, त्याच्या सगळ्या चुण्या. डावी बाही इस्त्री केल्यासारखी. दुसरं झबलं पसरलं, तिसरं, चौथं. चारही तशीच.

गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की सांगतं एक आणि त्याचा जुना सदरा सांगतो एक. आम्ही सदऱ्याचं ऐकतो. ज्याचा खांदा उतरलेला असतो तो कधी कबूल करत नाही, पण सदऱ्याची शिवण त्या बाजूला ताणलेली असते. तीस वर्षं मी हेच करतो आहे. हे मूल डावा हात हलवतच नव्हतं.

मी हिला हाक मारली. "तू कुठला खांदा चाचपला होतास?"

"डावा. तुम्हीच म्हणालात ना डावा."

"दाखव."

ती बाळासमोर उभी राहिली आणि तिच्या डाव्या हाताशी आलेल्या खांद्यावर बोट ठेवलं. "हा काय."

तो बाळाचा उजवा होता.

तिची चूक नाही. ती शिंपी नाही. समोर उभ्या माणसाला जे डावीकडे दिसतं त्याला ती डावं म्हणणार. मी शब्द सांगितला, बाजू सांगितली नाही, आणि बाहेर बसून राहिलो. तुझं चित्र तिच्या हातात असतं तर फुली बघून तिने बरोबर तिथंच बोट ठेवलं असतं. फुलीला उजवं-डावं लागत नाही. पण चित्र मापांच्या वहीत होतं.

मी पहिल्यांदाच त्या खोलीत गेलो. लेकीने पदर सारखा केला, मी बाळाकडे बघत राहिलो. डाव्या खांद्याच्या पुढच्या हाडावरून बोट फिरवलं. मधेच गाठ लागली, कापडाखाली दोऱ्याची गाठ लागावी तशी. मूल झोपेतून किंचाळलं.

तेवढ्यात दाराशी ड्रायव्हर. "मास्तर, काल गाडी वाटेत बंद पडली, आत्ता पोचतोय. ही तुमची चिठ्ठी. बाई म्हणाल्या, हातात द्या."

तू दोनच शब्द लिहिले होतेस: आजच न्या.

ताई, हेच दोन शब्द. तेव्हाही हेच होते. फक्त तेव्हा 'आजच आणा' होतं, कारण वॉर्डात तू होतीस.

ही बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "काय आहे?" म्हणाली. मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, "तूच वाच."

तिने वाचली. अक्षराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वन्सं?" एवढंच म्हणाली. मी हो म्हटलं. तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि लेकीला म्हणाली, "ऊठ, चप्पल घाल." ड्रायव्हरने खोकी मागे सरकवून आम्हाला बसवलं. बाळाचं डोकं सारखं डुलत होतं, ते हिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

फोटो काढला. हाडाला चीर गेली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या बाळांचं होतं असं, पटकन लक्षात येत नाही, हाताला लागली ती गाठ म्हणजे हाड आपलं आपण जुळतं आहे. औषध नाही, प्लॅस्टर नाही. हात हलू द्यायचा नाही, दोन आठवडे. बाही झबल्याच्या छातीला अडकवून टाकायची. अंगात पाणी कमी झालं होतं आणि थोडी कावीळ होती, म्हणून ठेवून घेतलं. "आणखी दोन दिवस झोपू दिलं असतंत तर अवघड होतं," असं त्या लेकीला म्हणाल्या. मी मागे उभा होतो, मला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

नर्स पिन घेऊन आली. मी म्हटलं, "पिन नको."

"आजोबा, सगळ्यांना पिनच लावतो."

"सुई आहे माझ्याकडे." माझ्या कॉलरच्या आत सुईदोरा कायम असतो. मी बाही छातीवर दुमडून कच्चा टाका घातला, सहा टाके, उसवायला एक ओढ पुरेल असे. नर्स म्हणाली, "इथंच नोकरीला लागा." बाळ झोपलं होतं. टाक्याने जागं झालं नाही.

मग तिने लेकीला पाजायची रीत दाखवली. मी पडद्याबाहेर आलो. तिचा आवाज खणखणीत, सगळं ऐकू येत होतं. "आधी आवडत्या बाजूला घ्या. आता फिरवू नका त्याला! आहे तसंच दुसऱ्या बाजूला सरकवा. पाय तुमच्या काखेखालून मागे. डावी कूस वरच राहू दे. त्याला बाजूचं वावडं नाही हो, त्या कुशीवर दुखतं." मग घोट ऐकू आले. मी ऐकत उभा राहिलो. कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगितलं, वाटेत उभा होतो.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या हातचं तुझ्याकडे नाही, म्हणून लिहितो.

तेव्हा तू वॉर्डातून चिठ्ठी पाठवलीस: "मूल झोपू देऊ नका. आजच आणा." ही पहिल्याच्या अंगाला तेल लावत होती. माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकलेली आहे, पण हात तेलाचे होते. म्हणाली, "वाचा ना." शाळा उघडायला दोन दिवस होते. चाळीस गणवेश बाकी, तेव्हा दुकान नवं, पहिलंच मोठं काम. मी वाचलं, "ताई म्हणते काळजीचं कारण नाही. दोन दिवसांनी आणा." चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. मला खरंच वाटलं होतं, दोन दिवसांनी काय होतंय.

दोन दिवसांनी आणलं. तू त्याला हातात घेतलंस तेव्हाच मला तुझ्या तोंडावरून कळलं. नंतर वॉर्डाबाहेरच्या बोळात ही तुला म्हणाली, "तुमच्या शब्दावर थांबलो." तू म्हणालीस, "मी आजच आणा लिहिलं होतं." ही म्हणाली, "खोटं." तुम्ही दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी बाकावरची पिशवी उचलली आणि गाडी बघतो म्हणून बाहेर गेलो.

तू पुन्हा कधी बोलली नाहीस, बरोबर केलंस. पण तिलाही कधी पत्र टाकून खरं सांगितलं नाहीस. ते माझ्यासाठी होतं की तिच्यासाठी, मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी हिला इथल्याच बाकावर सगळं सांगितलं. आधी दुकानातून आणलेली तुझी दोन पत्रं तिच्या हातात दिली, कालची चिठ्ठी तिच्याजवळ होतीच. तिने सगळं वाचलं. चित्रावर बराच वेळ बोट ठेवून बसली. मग मी जे वर लिहिलं ते बोललो, याच क्रमाने. ती समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होती. संपल्यावर मी थांबलो. मला वाटलं, ओरडेल, मारेल, उठून जाईल. काहीही चाललं असतं.

तिने विचारलं, "गणवेश वेळेवर गेले होते का?"

मी म्हटलं, "गेले होते."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि बाळाला पाजायची वेळ झाली होती म्हणून आत गेली.

धाकटा


बुधवार, २५ तारीख
घरून

ताई,

आज वजन तीन किलो आठशे. जन्माचं अजून भरलं नाही, पण काटा आता वर जातो आहे. लेकीचा ताप गेला, दगड विरघळला. मूल दोन्ही बाजूंना पितं. उजवीकडे अजून सरकवूनच घ्यावं लागतं, फिरवलं की नाक मुरडतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखायचं थांबलं तरी काही दिवस त्याला आठवत राहील. बाहीचा टाका आणखी चार दिवस ठेवायचा. अंघोळीला उसवतो, नंतर घालतो. ते काम माझ्याकडे आहे. आता मला त्या खोलीत यायची मुभा आहे, दार वाजवून.

लेकीला आईने सगळं सांगितलं. माझ्यासमोर नाही. दुसऱ्या दिवशी मी टाका घालत असताना लेक म्हणाली, "बाबा, मला एक भाऊ होता हे माहीत होतं. आत्या आहे हे माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "आहे."

"त्या गिऱ्हाइकाची बायको ती हीच ना?"

"हो."

"मग ठीक," ती म्हणाली. ठीक काय ते तिने सांगितलं नाही. माझ्याशी पहिल्यासारखं बोलते, फक्त मी काही सांगितलं की एकदा आईकडे बघते, खरं आहे का म्हणून. बघू दे.

ही माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी तापलं, दूध आणा, फडकी वाळली का. जेवायला वाढते. समोर बसत नाही. पहिले दोन दिवस मला वाटत होतं, एकदा कडाकडा भांडेल तर बरं. तेही आपल्याच सोयीचं मागणं आहे, हे नंतर लक्षात आलं. देवापुढे आता त्या विषयावर बोलतो. तो काही म्हणत नाही. हिच्यासारखाच.

तुझी पत्रं तिने स्वतःकडे ठेवली आहेत. कुठे, ते मी विचारलं नाही.

आज दुपारी मी दुकानात निघालो होतो, तर तिने हाक मारली. "अहो, पाकीट आहे का?"

"कशाला?"

"वन्संना लिहायचंय."

मी म्हटलं, "मी लिहितोच आहे. तुझा काय निरोप असेल तो सांग, मी—"

तिने माझ्याकडे बघितलं. मी पाकीट आणून दिलं, पेनही दिलं. ती आतल्या खोलीत दार लोटून बसली. तासभर लागला. मध्ये बाळ रडलं, तर लेकीने सांभाळलं, तिला उठवलं नाही. बाहेर आली तेव्हा हातात घडी घातलेले तीन कागद होते. म्हणाली, "तुमचं झालं की द्या. एकाच पाकिटात घालते."

त्यात काय आहे मला ठाऊक नाही. ये म्हटलं असेल. बाळाला बघायला ये, पण मी घरात नसताना ये, असंही असेल. तुझी माफी मागितली असेल, किंवा इतकी वर्षं तू तिला का सांगितलं नाहीस हे विचारलं असेल. मला उत्तर द्यायचं नाही, तिला दे. घरच्या पत्त्यावर दे.

हे पत्र मी तिच्या हातात उघडंच देतो आहे. ती वाचेल आणि पाकीट तीच चिकटवेल. माझ्या आणि तिच्या लिहिण्यात कुठे फरक पडला, तर तिचं खरं धर.

धाकटा